गिरणीच्या गाडीची तिसरी चावी

“वहिनी, चावी करून देतो की. पण आधीच्या तीन आहेत, त्यातली एक हरवली का काय?”

चावीवाल्या इलाहीभाई मुजावरांनी हे अगदी सहज विचारलं. सारिका थोरात गाडीच्या पायरीवर बसून ओढणीनं केसांतलं पीठ झटकत होती. ती हसली. “तीन कुठल्या? एक माझ्याकडं, एक ह्यांच्याकडं. तुमचं यंत्र म्हातारं झालंय, इलाहीभाई. त्याला जास्तीचं दिसायला लागलंय.”

इलाहीभाईंनी यंत्राची वायर काढली, फुंकर मारून परत खोचली. “तीनच दाखवतंय,” ते म्हणाले आणि चष्मा कपाळावर चढवून गप्प बसले. हा माणूस बोलायला लागला की थांबत नाही, असं अख्खं कराड म्हणतं. तो गप्प बसला तेव्हा सारिकाचं हसू आपोआप ओसरलं.

सारिका म्हणजे कराडच्या गिरणीवाल्या वहिनी. बॅटरीवरची बंदिस्त गाडी, मागं दगडी जात्याची गिरणी, आणि दाराला पितळी घंटा. विद्यानगर, सैदापूर, मलकापूर, ओगलेवाडी, सगळीकडं घंटा वाजली की बायका डबे घेऊन फाटकात येणार. ज्वारी बारीक, लाडवाचं बेसन रवाळ, कुणाची उपवासाची भाजणी, आणि “वहिनी, बाजरीवर माझे गहू घालू नका हं!” ही प्रत्येकीची ताकीद. कंपनीचं पिशवीतलं पीठ घरपोच मिळायच्या दिवसांत दारात दळण दळून द्यायची कल्पना सारिकाचीच. शशिकांत, तिचा नवरा, तेव्हा म्हणाला होता, “लोक हसतील.” लोक हसले नाहीत, रांगा लावल्या. मग शशिकांत म्हणायला लागला, “आमची गाडी.” असू दे. नवरे म्हणतातच.

आणि आज ती इलाहीभाईंकडं आली होती ती एका गोड कारणासाठी. तिचा धाकटा भाऊ सुहास बरेच दिवस घरी बसून होता. त्याला गाडीची एक चावी द्यायची, सकाळची फेरी त्यानं करायची, संध्याकाळची तिनं. भाऊबीजेला ओवाळून झालं की ओवाळणी भाऊ घालतो. यंदा बहीणच त्याच्या हातावर चावी ठेवणार. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. कोरी चावी मात्र तिनं आधीच घेऊन ठेवली होती, लाल डोक्याची.

आता ही चावी काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या आईबापांच्या काळातली चावीही तशी हुशारच होती. तिच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असायची. तिला बॅटरी नाही की काही नाही. चावी खाचेत गेली की खाचेभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला तेवढ्यापुरती वीज मिळायची, गाडी तिला एक आकडा टाकायची आणि चिपनं त्याचं ठरलेलं उत्तर द्यायचं. उत्तर बरोबर आलं तर इंजिन चालू, नाहीतर बसा ढकलत. पुढं खिशातूनच गाडीशी बोलणाऱ्या, बॅटरीवरच्या चाव्या निघाल्या. पण चोर काय गप्प बसतात? चावी मालकाच्या खिशात असताना तिचं बोलणं लांबून पकडायचं आणि गाडीला ऐकवायचं, अशी यंत्रं त्यांनी काढली. मग कंपन्यांनी चावीला माणूसच जोडून टाकला. स्टिअरिंगच्या चाकात हिरव्या उजेडाचे बारीक ठिपके बसवले. हात ठेवला की ते कातडीखालचं रक्त बघतात आणि नाडीची लाट काढतात. हृदय कसं पिळतं, रक्तवाहिन्या किती ताठ आहेत, लाट परत कधी फिरते, हे दोन माणसांचं एकसारखं नसतं. चिपही जुळली आणि नाडीही जुळली, तर गाडी हलते. शिवाय कुणी मानेला सुरी लावून गाडी चालू करायला लावलं, तर भीतीनं नाडीची लाट बिघडते आणि गाडी जागची हलत नाही. उलट पडद्यावर विचारते, ‘तुम्ही सुरक्षित आहात का?’

ह्याच्यावर सरकारनं आणखी एक शहाणपण केलं. महिलांच्या उद्योगासाठी ज्या गाड्या दिल्या, त्यांना दोन नाड्या सक्तीच्या केल्या. नवी चावी करायची, जुनी बाद करायची किंवा गाडी विकायची, काहीही असो, नोंदलेल्या दोघांनी एकाच वेळी शांत नाडीनं चाक धरायला हवं. म्हणजे नवऱ्याला बायकोला वगळून काही करता येणार नाही. उत्तम. पण नोंदलेले तीन झाले तर? तिघांतले कुठलेही दोघं पुरतात. तिसऱ्याला विचारायचं कारण नाही.

सारिकाला हे समजायला वेळ लागला नाही. “म्हणजे ते आणि ही तिसरी मिळून मला काढू शकतात?”

“आत्ता नाही,” इलाहीभाई म्हणाले. “नवी चावी तिथीनं वर्षभर कच्ची असते. वर्ष भरेल त्या दिवशी त्या माणसानं एकदा शांत हातानं चाक धरायचं, मग पक्की. सरकारला वाटलं असेल, वर्षभर कोण थांबतंय.”

“थांबणारे थांबले,” सारिका म्हणाली. तिच्या डोक्यात जे यायचं तेच आलं. कोण असेल ती? शशिकांत हल्ली साताऱ्याला सारखा जायचा. पिठाच्या एका मोठ्या कंपनीला अशा गाड्या त्यांच्या गिऱ्हाइकांसकट विकत हव्या होत्या. त्याला डेपोच्या साहेबाची खुर्ची मिळणार होती, आणि सारिकानं साफ सांगितलं होतं की मी मेले तरी गाडी देणार नाही. त्यावर तो हसून म्हणाला होता, “बरं बाई, नको तर नको.” त्या साताऱ्यात कुणीतरी असणार. “नाव सांगा तिचं.”

“नाव नसतं ह्यात, वहिनी. नाडी असते.” इलाहीभाईंनी पडदा तिच्याकडं फिरवला.

तीन ओळी होत्या. वरची शशिकांतची, सरळसोट. मधली तिची. खालची तिसरी. सारिका बघत राहिली. तिसऱ्या ओळीत लाटा नीट चालत होत्या, चालत होत्या, मग एक जागा रिकामी, आणि तिच्यानंतरची लाट उंच. पुन्हा तसंच. आणि मधल्या ओळीतही, तिच्या स्वतःच्या ओळीत, अगदी तसंच.

ही रिकामी जागा तिला लहानपणापासून ठाऊक होती. तिचे वडील ओगलेवाडीला गिरणीत कामाला होते. रात्री ते दोन्ही पोरांना छातीला कान लावायला सांगायचे. “ऐका, आता एक ठोका गाळंल बघा. गाळला का? आता जोरात वाजंल.” डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही आजार नाही, घराण्यात चालत आलेलं आहे. वडिलांनंतर ते जगात दोघांपाशीच राहिलं होतं. एक ती, आणि दुसरा सुहास.

आई गेली तेव्हा सुहास एवढासा होता. त्याला न्हाऊ घातलं ते तिनं, शाळेत सोडलं ते तिनं, त्याच्या लग्नात करवली होऊन नाचली ती. परकी बाई निघाली असती तर तिनं रडून-भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. आता तिला रडूच येईना. ती एवढंच म्हणाली, “अहो, मी त्यालाच द्यायला आले होते. मागितली असती तर दिली असती हो!”

इलाहीभाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. तिनं घेतली नाही.

“पण माझ्याशिवाय तिसरी झाली कशी?” तिनं विचारलं. “दोन नाड्या लागतात म्हणालात ना?”

“तुमची नाडी आहे की. ही बघा. गेल्या खंडेनवमीला, सकाळी.” इलाहीभाईंनी बोट ठेवलं, आणि मग त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण आवाज खाली आला. “वर्षभरातली तुमची एवढी शांत नाडी दुसरी नाही, वहिनी.”

खंडेनवमी! तिला सगळं लख्ख आठवलं. त्या दिवशी शशिकांत पहाटेपासून गाडी धूत होता. हा माणूस जेवल्यावर स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवत नाही. तेव्हाच तिला नवल वाटायला हवं होतं. झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, दोन्ही चाव्यांना हळदकुंकू लावून त्या आपापल्या खाचेत. आपल्याकडं पूजेला नवरा बसला की बायकोनं त्याच्या हाताला हात लावायचा, म्हणजे पुण्य दोघांना. शशिकांत म्हणाला, “हाताला कशाला? चाकालाच लाव. गाडी तुझीबी आहे.” तिला किती बरं वाटलं होतं त्याचं! “डोळे मीट, आणि आरती होईपर्यंत हात काढू नको.” तिनं डोळे मिटले. सुहास ताट घेऊन बाजूला उभा होता. “तुम्ही दोघं करा दाजी, मी बाहेरचा,” असं काहीतरी पुटपुटला. बाहेरचा! तिनं डोळे न उघडताच हात लांबवून त्याचं मनगट पकडलं आणि ओढून चाकावर ठेवलं. “बाहेरचा म्हणे! लाव हात.” त्याच्या दुसऱ्या मुठीत काय आहे ते तिनं बघितलं नाही. कापूर असेल, असं वाटलं होतं. ती कोरी चावी होती, आणि घंटेच्या आवाजात गाडी काय बोलली ते तिला ऐकूच आलं नव्हतं.

म्हणजे दोघं वाट बघत उभे होते. ती बोलावणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. देवासमोर हात जोडावेत तशी ती गाडीसमोर बसली होती, आणि तिची तीच भक्ती काढून घेऊन त्यांनी तिच्याविरुद्ध नोंदवली.

“वर्ष परवाच्या खंडेनवमीला भरतंय,” इलाहीभाई म्हणाले. “सोपा उपाय सांगू? त्या दिवशी गाडी घेऊन कोल्हापूरला जा. अंबाबाईचं दर्शन घ्या, रात्री परत या. दिवस हुकला की चावी गेली.”

“माझी गाडी मीच पळवून नेऊ? चोर कोण मग?”

“बरं, मग दुसरा. गाडी विचारते ना, सुरक्षित आहात का? तिथं ‘नाही’ दाबा. तुमची सोडून बाकीच्या सगळ्या चाव्या जागच्या जागी बंद. पण हां, मग चौकशी लागते. पोलिसांतल्या बाया घरी येतात, जबाब घेतात. चारचौघांत होतं सगळं.”

“नवऱ्याची आणि भावाची, दोघांची अब्रू एका बोटानं घालवू?” सारिका म्हणाली. “तसं नाही करायचं मला. आणि तुम्ही बघालच, इलाहीभाई. सुहासला ते जमायचंच नाही. माझ्यासमोर चाक धरलं की हात थरथरंल त्याचा. लहानपणी पेरू चोरला तरी त्याला ताप यायचा.”

इलाहीभाईंनी मान हलवली. “वहिनी, एक ध्यानात ठेवा. हे यंत्र खोटं पकडत नाही. घाबरणं पकडतं. ज्याला भीतीच वाटत नाही, त्याचं खोटंसुद्धा त्याच्या लेखी शांतच.”

तिनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. सारिकाचं चुकलं ते इथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू होईना. चावी बरोबर, हात चाकावर, पण पडद्यावर गोल फिरत राहिलं. रात्रभर जागलेल्या बाईची नाडी ती, तिला कोण ओळखणार? मग ती बाई बोलली, गाडीतली, गोड आवाजाची: “नाडी अस्थिर आहे. तुम्ही सुरक्षित आहात का?” खाली दोन चौकोन, होय आणि नाही.

सारिकाला हसायला आलं आणि हसता हसता डोळे भरले. कालपासून तिनं धड जेवण केलं नव्हतं. शशिकांतनं एकदाही विचारलं नव्हतं, काय झालं. आणि विचारलं कुणी, तर लोखंडाच्या डब्यानं!

शशिकांत दात घासत अंगणात उभा होता. त्यानं खिडकीतून डोकं आत घातलं. “दाब की होय. काय तमाशा लावलाय गाडीनं.”

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या ओठाला पेस्टचा फेस होता आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. तिनं ‘होय’ दाबलं. गाडी चालू झाली. तो समाधानानं चूळ भरायला गेला. ही होय दाबणारी बाई आहे, ह्यावर त्यानं सगळा डाव मांडला होता.

दुपारची फेरी आटोपून ती सैदापूरला सुहासकडं गेली. भावजय भाजीला गेली होती. सुहास झोपाळ्यावर बसला होता, तिला बघून उठला, पाणी आणलं, “अक्का, वाळलीस गं,” म्हणाला. नेहमीचाच. तोच आवाज, तीच मान तिरकी करायची सवय. तिला क्षणभर वाटलं, इलाहीभाईंचं यंत्र खोटं असेल.

“सुहास, एक विचारायचं होतं. तुला गाडीची चावी द्यावी म्हणते मी. सकाळची फेरी तू कर.”

हे म्हणताना तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. तिला वाटत होतं, आता हा पोर रडणार. अक्का, चुकलं, म्हणणार. दाजींनी फसवलं मला, म्हणणार. तेवढं म्हटलं असतं तरी तिनं सगळं पोटात घातलं असतं. त्याला दोन थपडा दिल्या असत्या आणि मग जेवायला वाढलं असतं.

सुहास म्हणाला, “छे छे, अक्का. चावी कशाला मला? गाडी तुझी आणि दाजींची. मी मधे कशाला येऊ?”

“घे की. तुझ्यासाठीच म्हणते.”

“नको गं. लोक म्हणतील बहिणीच्या जिवावर जगतो.” आणि त्यानं तिचा हात थोपटला. “तू फक्त आशीर्वाद दे.”

तिच्या बोटांखाली त्याचं मनगट होतं. ठोके येत होते, येत होते, एक गाळला, मग जोरात. त्यात काहीही बदल झाला नव्हता. पण आपल्याला मनगट धरून काय कळणार, आपण काय वैद्य आहोत, असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली. जाताना ती त्याला एवढंच म्हणाली, “उद्या पूजेला ये.”

“येणार की! दरवर्षी येतो,” सुहास म्हणाला.

खंडेनवमीला गल्लीत सगळीकडं धुतलेल्या गाड्या आणि झेंडू. थोरातांच्या दारातही शशिकांतनं गाडी चकचकीत करून ठेवली होती. सारिकानं एक गोष्ट वेगळी केली. तिनं आपल्या गिऱ्हाईक बायकांना प्रसादाला बोलावलं. वाघमारे काकू आल्या, त्या येतानाही गव्हाचा डबा घेऊनच आल्या. डुबलांची सून आली, शेजारच्या दोघी-तिघी आल्या. शशिकांतच्या कपाळाला आठी पडली. “एवढं बोलावणं कशाला?”

“ज्यांच्या दळणावर गाडी चालते, त्यांनी पूजेला नको का यायला?” सारिका म्हणाली. तिचा बेत सरळ होता. सगळ्यांसमोर ती सुहासला ती लाल चावी देणार होती. एवढं प्रेम तोंडावर आल्यावर चोराचा हात थरथरणारच. चावी कच्चीच राहील आणि बाद होईल. कुणाला काही कळायचं नाही. घरची गोष्ट घरात राहील, भाऊ भाऊच राहील. तिनं गाडी पणाला लावली होती ती भावाच्या हाताच्या एका थरथरीवर.

शशिकांत चाकामागं बसला. ती शेजारी. तिनं चाकावर हात ठेवला. घंटा वाजत होती, सगळे आरती म्हणत होते. आरती संपली. सुहास गेल्या वर्षीसारखाच बाजूला ताट घेऊन उभा होता, आणि गेल्या वर्षीसारखंच म्हणाला, “तुम्ही दोघं करा दाजी.”

सारिकानं ताटातली लाल चावी उचलली. “थांबा, सगळ्यांसमोर सांगायचंय. ही चावी मी माझ्या भावासाठी आणलीय. आईच्या माघारी मी ह्याला वाढवला. मला जगात ह्याच्याएवढा भरवसा कुणाचा नाही. आजपासून गाडी ह्याचीपण.” ती बोलली त्यात नाटक नव्हतं. “ये, सुहास. लाव हात.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाघमारे काकूंनी डोळे पुसले. “असा भाऊ-बहिणीचा जीव बघायला मिळत नाही हो आता!”

सुहास पुढं आला. त्याचा एक हात खिशातल्या चावीवर होता. दुसरा हात त्यानं चाकावर ठेवला, तिच्या हाताशेजारी. सारिकानं पडद्याकडं बघितलं.

लाटा उमटल्या. एक, पुढची, त्याच्या पुढची. एक जागा रिकामी. मग उंच लाट. पुन्हा तसंच, सावकाश. वडिलांच्या छातीवर कान ठेवल्यावर ऐकू यायचं तसंच. त्यात कुठं एवढासाही हिसका नव्हता. तिच्या भावाची नाडी गाढ झोपलेल्या माणसाची असावी तशी चालली होती.

“नोंद पूर्ण,” गाडीतली बाई म्हणाली. “तिसरी चावी पक्की.”

बायकांना वाटलं, हीच ती लाल चावी. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. सारिकानं मान वळवून सुहासकडं बघितलं. तो तिच्याकडं बघून हसला, अगदी प्रेमानं. आणि त्या हसण्यात तिला कळलं की ह्याला आपण काही वाईट करतोय असं वाटतच नाही. अक्काचं जे आहे ते आपलंच, ते घेतलं तर त्यात चोरी कसली? हे तिनंच त्याला शिकवलं होतं, घासातला घास भरवून. तिला तो शिव्या देता तर सोसलं असतं. हे सोसवेना.

“सुहास, हात राहू दे तसाच,” शशिकांत घाईनं, हळू आवाजात म्हणाला. त्यानंही चाक धरलं होतं. त्याचा अंगठा पडद्यावर सरकला. “अजून एक नोंद आहे, मग झालं.”

पडद्यावर आलं: ‘दुसरी चावी बाद करायची आहे. दोन सदस्य शांतपणे चाक धरा.’ दुसरी चावी म्हणजे सारिका. ती अजून तिथंच बसली होती, तिचा हात अजून चाकावरच होता. तिच्या देखत, तिच्या मांडीला मांडी लावून! लाटा पुन्हा उमटायला लागल्या, दोन्ही शांत.

आणि तिसरी लाट उमटली ती मात्र पडदाभर उसळली.

“एका सदस्याची नाडी अस्थिर आहे,” गाडी म्हणाली. “व्यवहार थांबवला आहे. दुसरी चावी, तुम्ही सुरक्षित आहात का?”

होय. नाही.

“दाब होय,” शशिकांत दातांत म्हणाला. बाहेर बायका उभ्या होत्या म्हणून तो हसत होता. “सारिका, लोक बघतायत. दाब.”

“दाब ना, अक्का,” सुहास म्हणाला. “एवढं काय त्यात?”

लोक बघतायत हे खरंच होतं. वाघमारे काकू खिडकीशी डबा घेऊन वाकल्या होत्या. सारिकाला वाटलं, आता हे सगळं कराडभर होणार. दळणाच्या रांगेत बोलणार, सासरी, माहेरी. पण माहेर म्हणजे कोण? ते तर तिच्या शेजारी हात ठेवून उभं होतं. तिनं आपला हात चाकावरून काढला. बोटाला मघाचं कुंकू होतं. तिनं ते बोट पडद्यावर ठेवलं आणि ‘नाही’ दाबलं.

गाडीत कुठंतरी टक् असा आवाज झाला. “समजलं,” गाडीतली बाई म्हणाली. “तुमची चावी सोडून बाकीच्या चाव्या बंद केल्या आहेत. मदत येत आहे.” शशिकांतच्या खाचेतला हिरवा दिवा विझला.

“काय केलंस हे?” शशिकांत ओरडला. आता त्याला बायका आठवल्या नाहीत. “घराचं वाटोळं केलंस! घरात पोलीस आणणार तू? माझ्यामागं?”

“उतरा,” सारिका म्हणाली.

“अगं, मी—”

“उतरा म्हणते ना!” हा आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता. शशिकांत उतरला. डुबलांची सून दोन पावलं पुढं आली आणि गाडीच्या दाराशी उभी राहिली.

सुहास मात्र हललाच नाही. तो भांबावला होता. त्याचं मनगट अजून चाकावर होतं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात आत्ता कुठं त्याची लाट वेडीवाकडी धावायला लागली होती. “अक्का, पोलीस मला पण विचारतील का गं?” तो म्हणाला. “सांग ना त्यांना, मी तुझा भाऊ आहे म्हणून.”

सारिकानं त्याच्याकडं बघितलं. आत्ता थरथरत होता त्याचा हात. स्वतःसाठी. तिनं त्याचा हात चाकावरून उचलला, तळवा वर केला आणि त्यावर ती लाल चावी ठेवून बोटं मिटली, लहानपणी त्याच्या हातात खाऊ ठेवायची तशी.

“घे. ओवाळणी म्हणून तुझ्यासाठीच आणली होती,” ती म्हणाली. “आता कुठल्याच गाडीला लागायची नाही ती.”

मग तिनं सरकून चाकामागची जागा घेतली. गाडीनं तिला ओळखायला बराच वेळ घेतला. शेवटी चालू होऊन जराशी पुढं सरकली तेव्हा चाकाखालचं लिंबू फुटल्याचा आवाज आला. सारिकानं खिडकीतून बाहेर बघितलं.

“द्या काकू, डबा द्या. गहू बारीक ना?”

“बारीक,” वाघमारे काकू म्हणाल्या आणि डबा वर चढवला. “बाजरीवर घालू नकोस हं.”